नात्याचा रकाना

पायजम्याची नाडी काढून घेणाऱ्या माणसाबद्दल मनात आदर उत्पन्न व्हायला वेळ लागतो. मला सहा आठवडे लागले.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. मी तेव्हा ठाण्यात एका कंत्राटदाराकडे कारकून होतो. जुन्या इमारती घ्यायच्या, पाडायच्या आणि त्यांतलं सागवान, कौलं, विटा विकायच्या, असा आमच्या शेठचा धंदा. बाळकुमच्या पुढे, कोलशेतच्या वाटेवर, खाडीच्या अंगाला एक बंद पडलेलं वेड्यांचं इस्पितळ होतं. कुणा धनिकाने ते मागच्या शतकात आपल्या वेड्या भावासाठी बांधलं आणि भावाला सोबत हवी म्हणून इतरांचे भाऊ ठेवून घ्यायला सुरुवात केली, अशी त्याची जन्मकथा. लढाईच्या काळात लष्कराने ते गोदामासाठी मागून घेतलं. उरलेले रोगी दुसरीकडे हलवले. लढाई संपली, लष्कर गेलं, रोगी काही परत आले नाहीत. इमारत ओस पडली आणि शेवटी आमच्या शेठच्या पदरात आली. शिमगा झाला की पाडायला घ्यायची होती. तोवर दारं, खिडक्या, तुळया, वासे मोजून यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

बाळकुमच्या फाट्यावर चहा प्यायला थांबलो तर मिठागरातून आलेला एक म्हातारा म्हणाला, "त्या इस्टोरबाबाकरं चाललास? त्यो येरा नाय. पन त्याचे संगती ऱ्हेलास त तू व्हशील."

येरा म्हणजे वेडा, आणि इस्टोरबाबा म्हणजे इस्पितळाचे जुने स्टोअरकीपर. इस्पितळ गेलं तरी ते गेले नव्हते. फाटकातल्या स्टुलावर बसलेले सापडले. उंच, काटकुळे, खाली धोतर आणि वर गळ्यापर्यंत पितळी गुंड्या लावलेला खाकी कोट. कोट इस्पितळाचा, धोतर घरचं. नोकरी कमरेच्या वर असते, असं त्यांनी मला पुढे एकदा समजावून सांगितलं.

"दाखल की भेट?" त्यांनी विचारलं. विचारलं म्हणजे ओरडले. आमच्यात दोन हातांचं अंतर होतं.

"मोजणी," मी म्हणालो. "शेठनी पाठवलंय."

त्यांनी मांडीवरची जाडजूड वही उघडली, पानावरून बोट फिरवलं. "मोजणीचा रकाना नाही. भेटीत लिहितो. दोरी, नाडी, पट्टा, चाकू, काच, काडेपेटी. यातलं काय काय आहे?"

"नाडी आहे," मी चेष्टेनं म्हणालो.

त्यांनी हात पुढे केला.

"अहो, पण आत आता कुणीच नाही!"

"तुम्ही चाललात ना?"

या युक्तिवादात मला आजतागायत खोट सापडलेली नाही. नाडी दिली. तिच्या बदल्यात पत्र्याचा एक बिल्ला मिळाला. मग त्यांची नजर माझ्या पिशवीतल्या मोजायच्या फितीवर गेली आणि ते दोन पावलं मागे सरले. "पन्नास फूट दोरी!" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा काळजीनं पाहिलं की मलाच माझी काळजी वाटू लागली. अखेर तडजोड झाली. फीत आत जाईल, पण तिचं एक टोक सतत त्यांच्या हातात राहील. अशा रीतीने एका हाताने पायजमा आणि दुसऱ्या हाताने फितीचं टोक धरून मी त्या इमारतीत पहिलं पाऊल टाकलं. दुसऱ्या दिवशी गुंड्यांची पॅंट घालून गेलो तर त्यांनी बुटाच्या नाड्या काढल्या. तिसऱ्या दिवसापासून मी चपला घालू लागलो.

त्यांच्या ओरडण्याला कारण होतं. तीस वर्षं त्यांनी लांबलचक व्हरांड्याच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसांना हाका मारल्या होत्या. त्यांतले निम्मे ओ देत नसत आणि उरलेले भलत्याच नावाला ओ देत. त्यामुळे समोरचा ऐकत नाहीये असं धरूनच ते बोलत. "साखर कमी झाली का?" हेसुद्धा ते असं विचारत की फाट्यावरचा चहावाला तिकडून "नाही" म्हणे.

चाकू त्यांनी तीस वर्षांत वापरला नव्हता. कांदा बुक्कीने फोडायचा, भेंडी हाताने मोडायची, आणि लाल भोपळा आणला की तो पायरीवर आपटायचा. भोपळ्याच्या दिवशी मी जेवायला जरा लांब बसत असे.

बरोबर बाराला ते घंटा वाजवत आणि माणसं मोजत. "रोगी शून्य! नोकर एक! भेट एक! बरोबर!" बेरीज जमली की चेहरा उजळायचा. एकदा घंटेच्या वेळी मी नेमका खाडीच्या बाजूला झाडाआड गेलो होतो. परत येऊन बघतो तर हे विहिरीत गळ टाकून बसलेले. मला पाहताच गळ वर ओढत ओरडले, "कुठे होतात? एक कमी भरत होता!" मी कारण सांगितलं. "सांगून जायचं," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी पुन्हा मोजलं, "भेट एक." त्या विहिरीतून त्यांनी पूर्वी काय काय वर काढलं असेल ते मी विचारलं नाही. पण त्यानंतर सांगून जाऊ लागलो.

फितीचं टोक धरून ते माझ्याबरोबर खोलीखोलीत फिरत आणि मी लांबी-रुंदी लिहीत असताना तिथला इतिहास सांगत. इतिहास म्हणजे माणसं. "लिहा, बारा बाय दहा. इथे कलेक्टर होते." हे कलेक्टर मूळचे किराणा दुकानदार. रोज सकाळी कचेरी भरवायचे. त्यांचे निवाडे इतके चोख असत की नोकर आपसातली भांडणं त्यांच्यापुढे नेत. एकदा खुद्द मोठ्या डॉक्टरांचा आणि त्यांच्या मेव्हण्याचा तंटाही तिथे गेला. "निकाल काय लागला?" मी विचारलं. "दोघांनाही ताकीद!" पुढच्या खोलीत एक मास्तर होते. ते उरलेल्या रोग्यांना भूगोल शिकवत आणि त्यांच्या वर्गात गैरहजेरी कधी नसे. "जाणार कुठे?" असं म्हणून स्टोअरकीपर इतक्या मोठ्यानं हसत की छपरातली कबुतरं उडत.

एक वाक्य मात्र ते हसता हसता मध्येच गंभीर होऊन म्हणत. "रोगी खरं सांगतो. त्याला सोडायला आलेला खोटं सांगतो." दर दोन खोल्यांना एकदा तरी हे वाक्य यायचंच.

सगळ्या इमारतीत कुलूप होतं एकाच खोलीला. ते त्यांचं स्टोअर. बाहेर वाळवीने दारं खाल्ली होती, पण आत सगळं झाडून पुसून, कडुनिंबाचा पाला घालून जपलेलं. मांडणीवर ओळीने तेवीस गाठोडी. रोगी दाखल होताना त्याच्या अंगावरचे कपडे नि किडूकमिडूक बांधून ठेवत. बरा झाला की परत देत. ही तेवीस माणसं तिथेच वारली होती आणि त्यांचं सामान न्यायला कुणी आलं नव्हतं.

"कार्डं टाकली. तीन-तीन टाकली. उत्तर नाही," ते म्हणाले. "नियम काय? सामान नातेवाइकालाच द्यायचं. वहीत नात्याच्या रकान्यात नातं लिहायचं, सही घ्यायची, दोन साक्षीदार. तुमचे शेठ पाडणार शिमग्यानंतर. त्याआधी ही तेवीस घरी पोचली पाहिजेत. तेवढं झालं की मी मोकळा."

मी गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत पुढे सरकत होतो. सोळाव्या चिठ्ठीवर एका बाईचं नाव होतं, खाली "कल्याण", आणि त्याखाली "आणून सोडणार: भाऊ" म्हणून एक पूर्ण नाव. ते नाव माझ्या मामाचं होतं.

आईची धाकटी बहीण मी लहान असताना विषमज्वराने गेली, असं आमच्या घरी सांगत. सर्वपित्रीला तिच्या नावाचं पान वाढलं जाई. ती अशी इथे, मांडणीवर, कडुनिंबाच्या पाल्यात निघेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आणि घरी माझ्या बहिणीला स्थळं बघणं चालू होतं. मावशी वेडी होती असं बाहेर फुटलं असतं तर आमच्या उंबऱ्याला कुणी पाय लावला नसता. मी हात मागे घेतला आणि म्हणालो, "या खोलीत तुळया किती? पाच धरू?"

"धरा," ते म्हणाले.

हे मी आत्ताच सांगून टाकतो, कारण तेव्हा सांगितलं नाही.

आता खरी पंचाईत पुढे होती. म्हाताऱ्याने ठरवलं की रविवारी रविवारी गाठोडी घेऊन स्वतः दारोदार जायचं. आणि दारात उभं राहून करायचं काय, तर नियमाप्रमाणे जाहीर पुकारा. नाव, वय, वेडाचा प्रकार, मयत, नातेवाईक कोण आहे, हे सगळं त्यांच्या त्या व्हरांड्याच्या आवाजात. मामाच्या पत्त्यावरून माग काढत हा पुकारा आमच्या आळीत पोचला तर काय होईल ही कल्पना करूनच मला घाम फुटला. म्हणून मी ताबडतोब म्हणालो, "एकटे कशाला जाता? मी येतो ना. कुठून कुठे जायचं तेही मी ठरवतो." त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "असा मुलगा विरळा!" ते ओरडले. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा.

मी आखलेला मार्ग सोपा होता. जे ठाण्यापासून लांब ते आधी. अनुभव मात्र सगळीकडे एकच. पुकारा सुरू झाला की आळीतल्या सगळ्या खिडक्या उघडत आणि ज्या घरासमोर आम्ही उभे असू तेवढीच बंद होई. एका गृहस्थाने "ते आम्ही नव्हेच, आमच्या नावाचे दुसरे" असं सांगितलं. कोणते, ते मात्र त्याला सांगता येईना. एका बाईने पुढच्या दारातून आम्हाला हाकललं आणि आम्ही कोपऱ्यावर पोचेपर्यंत मागच्या दाराने धावत येऊन गाठोडं छातीशी धरलं. ती सासऱ्यांचं गाठोडं न्यायला आली होती आणि सही करताना तिचे डोळे गळत होते. साक्षीदार म्हणून आम्हाला रस्त्यावरचा कल्हईवाला आणि एक टांगेवाला पकडावा लागला.

पण डोंबिवलीची गोष्ट वेगळी.

तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशन सोडलं की आवारं, विहिरी आणि अधूनमधून घरं. एका बैठ्या घराच्या ओट्याखाली पुष्कळ वहाणा दिसल्या. आत मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालू होता. मी म्हाताऱ्यांचा कोट धरून मागे ओढलं. "साहेब, आज नको. पाहुणे आलेत."

"उत्तम! साक्षीदार आयते मिळाले," असं म्हणून ते ओट्यावर चढले आणि वही उघडून त्यांनी पुकारा केला. बाईंचं नाव, वय बावन्न, वेडाचा प्रकार झाडांशी बोलणे, मयत. "नातेवाईक कोण आहे?"

आत पोह्यांच्या बशा वाजत होत्या त्या थांबल्या. मुलीचे वडील बाहेर आले. चेहरा पांढराफटक. "आमच्यात या नावाचं कुणी नाही."

"अरे असं काय करतोस, तुझी आत्या ना ती?" आतून एक म्हातारा आवाज आला, आणि मग कुणीतरी त्या आवाजाला खोलीत नेलं.

पाठोपाठ मुलाचे वडील आले. देह भारदस्त, कोटाला घड्याळाची साखळी. "काय गडबड आहे?"

"आपण नातेवाईक?" स्टोअरकीपरनी विचारलं.

"व्हायच्या बेतात होतो," ते गृहस्थ म्हणाले.

मुलीच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. दाराआड पोह्यांचं ताट धरून मुलगी उभी होती. ताट कललं, वरचं खोबरं घसरलं, तरी तिची नजर ओट्यावरच होती. मला पळून जावंसं वाटलं. या सगळ्या आळीत त्या क्षणी त्या मुलीची दशा माझ्याइतकी कुणालाच कळत नसेल.

"कुठलं इस्पितळ म्हणालात?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"बाळकुमचं!"

त्यांनी खिशातून चष्मा काढला, शांतपणे डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला. "बघू ती यादी." बोट खाली खाली सरकत एका नावावर थांबलं. त्यांनी ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग हळूच म्हणाले, "हे आमचे काका. टोपी हरवली की रडायचे."

"टोपी आहे गाठोड्यात. दोन आहेत," स्टोअरकीपर म्हणाले.

"दोन? मग बरं झालं," असं म्हणून ते मटकन ओट्यावर बसले. दोन्ही बापांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिलं हसू कुणाला फुटलं ते सांगता येणार नाही, पण नंतर आवरता आवरेना. मुलीच्या वडिलांनी आत्याच्या नावापुढे सही केली, मुलाच्या वडिलांनी साक्षीदार म्हणून. पुढच्या रविवारी ते टांगा करून बाळकुमला आले, तेव्हा सह्यांची अदलाबदल झाली. लग्न ओट्यावरच ठरलं. लपवायला उरलंच काय होतं? आम्हाला दोन-दोन बशा पोहे मिळाले आणि स्टोअरकीपरनी मुलीला आशीर्वाद दिला तो स्टेशनपर्यंत ऐकू गेला.

परतताना मी म्हाताऱ्यांबरोबर पोट धरधरून हसलो. सांगायची वेळ तीच होती. जीभ उचललीही होती. पण आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या यादीत कुणी काका निघेल याची काय खात्री, असा हिशेब मनात आला आणि मी गप्प बसलो.

मग सोळा नंबर. तो मी मुद्दाम मागे ठेवला होता. पत्ता कल्याणचा, पारनाक्याजवळचा, मामाच्या बिऱ्हाडाचा. मामा दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि मामी मुलाकडे नागपूरला गेली होती. तिथे आपलं कुणी नाही हे ठाऊक असल्यामुळे मी निर्धास्त होतो. पुकारा झाला. या वेळी वेडाचा प्रकार म्हाताऱ्यांनी का गाळला ते माझ्या ध्यानात आलं नाही. नव्या बिऱ्हाडकरूंनी हात झटकले. चला, सुटलो, असं म्हणून वळतोय तर शेजारच्या जिन्यावरून एक आजी कठड्याला धरत धरत खाली आल्या.

"कुणाचं नाव घेतलंत? त्या पोरीचं? अगंबाई!" त्या डोळे बारीक करून म्हणाल्या. "त्यांचं इथं कुणी नाही राहिलं हो. मोठी बहीण आहे, ती ठाण्यात दिलीय." मग त्यांची नजर माझ्यावर पडली. त्या जवळ आल्या. "हे नाक तर त्यांच्याच घरातलं. तू ठाण्याच्या ताईचा ना रे? लहानपणी यायचास. माझ्याकडचे लाडू पळवायचास."

"नाही हो आजी," मी म्हणालो. "मी शेठचा कारकून. यांच्याबरोबर आलोय."

"मेलं माझं डोळ्यांचं हे असं," आजी म्हणाल्या आणि परत जिना चढू लागल्या.

स्टोअरकीपरनी माझ्या नाकाकडे पाहिलं. वही मिटली. "चला," ते म्हणाले, आणि हा एक शब्द त्यांनी चारचौघांसारख्या आवाजात उच्चारला. त्या ओळखीत पहिल्यांदाच. मला तो थोबाडीत बसल्यासारखा लागला. ठाण्याच्या ताईचा पत्ता शोधू या, असं ते म्हणतील म्हणून मी आठवडाभर धास्तावलो होतो. ते काही म्हणालेच नाहीत. फक्त सोळा नंबरचं गाठोडं मांडणीवरून काढून मी ज्या टेबलावर यादी लिहायचो त्याच्या कडेला आणून ठेवलं. त्याच्या शेजारी बसून मी रोज डबा खाल्ला. लाज वाटत होती आणि भूकही लागत होती.

शिमगा झाला. पाडायला माणसं आली. तोवर पंधरा गाठोडी गेली होती, काही पुढच्या दारातून, काही मागच्या. आठ उरली होती. स्टोअरकीपर फाटकातल्या स्टुलावर बसून वही लिहीत होते. मी जवळ जाऊन पाहिलं तर ज्यांना कुणी नातेवाईक मिळाला नव्हता त्यांच्यापुढे नात्याच्या रकान्यात ते स्वतःला भरत होते.

"नियम काय? नातेवाइकालाच द्यायचं," ते मान वर न करता म्हणाले. "नातेवाईक नाही म्हणून सरकारजमा करा असं कुठे लिहिलेलं नाही. या चौघांचा मी चुलता झालोय. या दोघींचा भाऊ. कलेक्टरसाहेबांचा जावई. ते सासरे म्हणून बरे पडतील." त्यांनी पान उलटलं. "आता सोळा नंबर. हिचाही भाऊच लिहितो."

त्यांनी टाक दौतीत बुडवला, निथळवला आणि रकान्यावर टेकवला.

"थांबा," मी म्हणालो. "भाचा लिहा."

त्यांनी टाक उचलला नाही, मान वर केली नाही, आश्चर्य तर मुळीच दाखवलं नाही. रेघेत, वळणदार अक्षरात "भाचा" असं लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"स्टोअरमध्ये तुळया नाहीत. वर विटांची कमान आहे. सोळावी चिठ्ठी वाचून तुम्ही पाच लिहिल्यात."

"मग कल्याणला बोलला का नाहीत?"

"लिहायचं काम माझं. कबूल करायचं काम नातेवाइकाचं. तसाच नियम आहे." मग ते उठले, कोटाच्या गुंड्या लावल्या. "आता साक्षीदार!" आणि फाटकात उभं राहून त्यांनी पुकारा केला. माझ्या मावशीचं नाव, वय, मयत. "नातेवाईक हजर आहे! भाचा!" पहारी खाली ठेवून पाडणारे गडी आले. रस्त्याने जाणाऱ्या कोळणी पाट्या डोक्यावर घेऊन थांबल्या. मिठागराकडचे चार लोक आले. सहा आठवडे ज्या आवाजाची मी धास्ती घेतली होती तो माझ्या कानाशी घुमत होता. मी मान ताठ करून उभा राहिलो. एक कोळीण दुसरीला म्हणाली, "नाकाव त दिसतंय." दोघा गड्यांनी अंगठे उठवले.

सही करताना पान प्रथमच नीट वाचलं. वेडाचा प्रकार या मथळ्याखाली मामाने सांगितलेलं जसंच्या तसं उतरवलं होतं. "बालविधवा. एकादशीस चुलीवरचा भात हाताने खाल्ला. विचारता हसली. पुन्हा खाल्ला." बस्स, एवढंच. पुढे दाखल झाल्याची तारीख, मग मयताची. ती तिथे अकरा वर्षं जगली होती. त्या अकरा वर्षांत दर सर्वपित्रीला आम्ही घरी तिच्या नावाचं पान वाढत होतो.

गाठोडं सायकलला बांधून घरी आणलं. आई स्वयंपाकघरात निवडायला बसली होती. मी ते तिच्यापुढे ठेवलं आणि कुठून आणलं ते सांगितलं. बहीण दारात येऊन उभी राहिली. आईने कांगावा केला नाही, नाकारलंही नाही. गाठोड्यावर हात ठेवून म्हणाली, "दादा म्हणाला, गेली असंच समज. मी समजले." मग गाठ चाचपत तिने विचारलं, "जेवायची का रे ती तिथं?"

मला सांगता येईना. कलेक्टरचे निवाडे मला पाठ होते, काकांच्या टोप्या किती ते ठाऊक होतं. ज्या एका माणसाबद्दल विचारायचं होतं तिचं नाव मी सहा आठवडे तोंडातून काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअरकीपर गावी जाणार होते. सायकल मारत एसटीच्या थांब्यावर पोचलो तर गाडी सुरू झालेली. कंडक्टर वाद घालत होता, "सात गाठोडी? कुणाची एवढी?"

"नातेवाइकांची!" आतून आवाज आला.

मी खिडकीशी गेलो. "साहेब! मावशी जेवायची का नीट?" इंजिनच्या घरघरीत काही ऐकू जाईना. मग मी सगळ्या थांब्यासमोर बोंबललो, "माझी मावशी! सोळा नंबर! इस्पितळात जेवायची का?"

म्हाताऱ्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "दोन भाकऱ्या! आमटी! भात मागून घ्यायची! वांगं केलं की ताट माझ्या अंगावर!" गाडी हलली. मी सायकल टाकून बाजूने धावू लागलो. "कधी? रोज?" "रोज! दोन्ही वेळा!" ते ओरडले. "दोन्ही वेळा!" गाडी वळली तरी हात हलत होता. ते मला पुन्हा भेटले नाहीत.

घरी आलो. आई कालच्याच जागी होती. गाठोडं सुटलं होतं. एक लुगडं, एक पोलकं नि एक कंगवा तिने समोर मांडून ठेवला होता. मी सगळं सांगितलं.

"वांगं नाहीच आवडायचं तिला," आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "दोन्ही वेळा म्हणाले?"

"दोन्ही वेळा."

"आम्ही एकदाच वाढायचो तिला," आई म्हणाली आणि लुगड्याची घडी घालू लागली.